जालिंदरनं आणलेली जोडी

१८ जून १९७२, कवठे महांकाळ

नोकरीत होतो तोवर हजेरीपट आणि दाखले लिहिण्यात बोटं झिजली. स्वतःसाठी म्हणून आज पहिल्यांदा लिहितो आहे. कारणही तसंच आहे. आमच्या माशांनी अंडी घातली.

संध्याकाळी वाचनालयातून परतलो तर सूनबाई, म्हणजे येसू, दारातच उभी होती. "आबा, पाटी बघा," एवढंच म्हणाली. काचेच्या पेटीत माशांना आडोसा म्हणून मी जालिंदरची पहिलीतली दगडी पाटी उभी करून ठेवली आहे. तिच्यावर ओळीनं बारीक अंडी चिकटली होती, मोहरीहून लहान, मधाच्या रंगाची. दोन्ही मासे समोर उभे राहून परांनी पाणी हलवत होते, तान्ह्याला वारा घालावा तसे.

जालिंदर आमचा एकुलता एक. पलटणीत नायक. गेल्या वर्षी शिमग्याच्या रजेवर येताना त्यानं कलकत्त्याच्या बाजारातून हे मासे आणले. काचेची बरणी मांडीवर घेऊन सगळा आगगाडीचा प्रवास बसून केला. पिंपळपानासारखे चपटे, अंगावर काळे उभे पट्टे. "आबा, ह्यास्नी एंजल म्हणत्यात. जोडी हाय," म्हणाला. मग डिसेंबरात लढाई झाली आणि जानेवारीत तार आली की तो पश्चिमेच्या आघाडीवर बेपत्ता आहे. बेपत्ता म्हणजे गेला असं नव्हे. हे मी घरातल्या दोन्ही बायांना पुन्हा पुन्हा समजावून सांगत असतो.

आज जेवताना अर्धी भाकरी मागून घेतली. साळूबाई, आमची मंडळी, माझ्याकडे बघतच राहिली.

२१ जून

अंडी पांढरी झाली. म्हाताऱ्याच्या डोळ्यात फूल पडतं तशी. एकातूनही काही निघालं नाही. मी पाटी काढून राखेनं घासली आणि परत ठेवली. मासे बराच वेळ पाटीभोवती फिरत होते. पहिली खेप फुकट जातेच, कोंबडीचीही जाते. जातिवंत जोडी आहे, पुढच्या वेळी होईल.

९ जुलै

नर कोणता आणि मादी कोणती, याचा आज निकाल लावला. कोंबड्याला तुरा असतो, मोराला पिसारा, एडक्याला शिंगं. चौथीतलं पोरही सांगेल. या एंजलांना देवानं काहीच दिलेलं नाही. दोघांचा रंग एक, पट्टे तेवढेच, परसुद्धा सारखेच लांब. मी रोज खुर्ची टाकून बसतो आणि बघतो. एक मासा अंगानं थोराड आहे. त्याचं कपाळ पुढे आलेलं आहे, खायला तो आधी येतो आणि दुसऱ्याला कोपऱ्यात दाबतो. तो नर, यात शंका नाही.

मी हे जेवताना सांगितलं, तर साळूबाई म्हणाली, "कपाळ मोठं आन् सारखं दुसऱ्याला हाकलतंय, म्हंजी मास्तरच दिसतोय." येसू तोंडाला पदर लावून हसली. तार आल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं.

नराला जालिंदरच्या हुद्द्यावरून नायक म्हणावं असं मनात होतं. पण मग मादीला काय म्हणायचं? नायकीण म्हटलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. शेवटी येसूनं थोरला आणि धाकली अशी नावं ठेवली.

३० जुलै

पुन्हा अंडी. यावेळी पाटी भरून गेली आहे. एका मादीला इतकी अंडी कशी काय होतात, नवलच आहे. मला ती घालताना कधी बघायला मिळत नाहीत, दुपारी मी वाचनालयात असतो. येसू घरी असते. तिला विचारलं, "नीट सांग, कोण काय करत होतं?" तिनं सासूकडे बघितलं. मग म्हणाली, "धाकली घालत हुती आबा. थोरला मागनं फिरत हुता." बरोबर. माझं अनुमान पक्कं झालं.

दुपारी बिराप्पा येऊन गेला म्हणे. शेजारच्या वाडीचा पोरगा, जालिंदरच्याच कंपनीत आहे, रजेवर आलाय. माझी गाठ न घेता गेला. चहालासुद्धा थांबला नाही. मी विचारलं, "काय म्हणाला?" साळूबाई चुलीपाशी होती. "काय न्हाई, सहज आलता," म्हणाली. ओल्या लाकडांचा धूर इतका झाला होता की सासू-सून दोघींचेही डोळे लाल झाले होते. आणि हो, जळण ओलं कसं, हे मला कळलं नाही. पाऊस तर अजून नाही.

२ ऑगस्ट

अंडी पांढरी.

आज एस.टी. स्टँडवर बिराप्पा दिसला. मी हाक मारली. त्यानं ऐकली असणार, पण वळून न बघता मिरजेच्या गाडीत चढला. हल्लीच्या पोरांना शिक्षकाची किंमत नाही. याला मी बाराखडी शिकवली आहे.

एक गोष्ट मात्र बरी वाटते. मी बाहेरून घरी आलो की येसूच्या कपाळावरचं कुंकू ओलं असतं, नुकतंच लावल्यासारखं. दिवसातून कितीदा लावते कोण जाणे. नवऱ्यावर माया असावी तर अशी. वाट बघणारं माणूस घरात असलं की गेलेला परत येतो.

२० ऑगस्ट

पाऊस नाही. आडाला तळ दिसतो आहे. बाया दीड कोसावरून पाणी आणतात. साळूबाईनं आज तोंड सोडलं. "मान्साला प्यायाला न्हाई आन् माशास्नी घागर." येसू म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आत्ती, मी एक खेप जास्त करीन."

पाण्यातच खोट असेल का, की आणखी काही? मी फार विचार केला. माझा विटाळावर विश्वास नाही. शाळेत असताना मी या गोष्टींवर पोरांकडून निबंध लिहून घेतले. तरीही येसूला म्हटलं, त्या चार दिवसांत पेटीच्या पाण्याला हात लावू नकोस. शास्त्र म्हणून नव्हे, प्रयोगात एक कारण कमी करावं म्हणून. ती "बरं आबा" म्हणाली आणि घागर उंबऱ्याबाहेर ठेवून परसात गेली. घागर तिनंच आणली होती, हे मला ती उचलून आत घेताना लक्षात आलं.

७ ऑक्टोबर, सर्वपित्री

रेशनवर आलेल्या मिलो जोंधळ्याच्या लाल भाकरीवर का होईना, पितरांना घास टाकला. साळूबाईनं कौलावर ठेवायला पानं वाढली. आमच्या वडिलांचं, आईचं, आजोबांचं आणि थोरल्या चुलत्यांचं. मी बघतो तर एक पान जास्तीचं, आणि त्यावर गुळाची पोळी. म्हटलं, "हे कुणाचं? गूळ कुठून आणलास?" ती म्हणाली, "मोजाय चुकली आसंन." तिची मोजदाद पहिल्यापासूनच कच्ची. पोळी मात्र जालिंदरच्या आवडीची होती, तेवढी त्याच्यासाठी झाकून ठेवावी असं उगीचच मनात येऊन गेलं.

रस्त्याच्या दुष्काळी कामावर एका खडी फोडणाऱ्याच्या अंगात अगदी जालिंदरसारखाच चौकड्यांचा सदरा बघितला. बाजारात हल्ली एकाच तऱ्हेचं कापड येतं.

८ नोव्हेंबर, भाऊबीज

येसूचा भाऊ कृष्णात औंधाहून आला. ओवाळून झालं, जेवण झालं, आणि मग अंगणात त्यानं विषय काढला.

"आबा, रागावू नगासा. साताऱ्यात एक मानूस हाय, जोतिबा म्हनून. एस.टी.त मेकॅनिक. बायकू बाळातपणात गेली, पोर हाय ल्हान. आपल्यात पाट लावत न्हाईत हे मला ठावं हाय, पर तो म्हनतोय चारचौघांत लगीन करतो."

मी म्हटलं, "कृष्णात, सुवासिनीला स्थळ घेऊन आलास तू."

त्यानं मान खाली घातली. "येसूला तेविसावं लागलं, आबा. तो गुढीपाडव्यापातुर थांबतो म्हनतोय. पुढं त्याच्या घरची थांबू देनार न्हाईत. पोरीला बघाय कोन न्हाई."

मी सांगितलं, आपले कैदी अजून तिकडे आहेत. ते सुटून येऊ देत, मग बोलू. पंधरा वर्षांपूर्वी मी याच गावात विधवाविवाहावर भाषण केलं होतं आणि टाळ्या पडल्या होत्या. ते मला आठवलं. पण ते विधवांसाठी होतं. येसू विधवा नाही.

निघताना तिनं भावाला विचारलं, "पोर केवढी हाय?" तो म्हणाला, "चालाय लागलीय." बस्स, एवढंच बोलणं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं असेल.

३ डिसेंबर

कैदी सुटले. परवापासून शेजारच्या दादासोच्या रेडिओपाशी मी ठाण मांडून आहे. सरहद्दीवर फुलांचे हार, बँड, आयाबाया. दादासो म्हणाला, नावं रेडिओवर सगळी सांगत नाहीत. खरं आहे. घरी आलो तर साळूबाई जोंधळ्यातले खडे निवडत होती. तिनं विचारलंसुद्धा नाही. आईचं काळीज कधी कधी दगडाचं असतं, असं वाटून मला तिचा राग आला.

१० डिसेंबर

पलटणीकडून उत्तर आलं. परत आलेल्यांत नाव नाही.

तार आली तेव्हा साळूबाई डोंगराकडच्या बिरोबाला कौल लावायला निघाली होती. देवाच्या दोन्ही बाजूंना फुलं चिकटवतात, उजवं पडलं की होकार. मी तिला जाऊ दिलं नाही. म्हटलं, फूल सुकलं की पडतं, त्यात देव बोलत नाही. हे सगळं मला आजही मान्य आहे.

आज दुपारी माशांनी परत अंडी घातली. मी लिहून ठेवतो, म्हणजे शब्द फिरवता येणार नाही. या अंड्यांतून पिलं निघाली तर जालिंदर कुठंतरी आहे. न निघाली तर मी कृष्णातला निरोप धाडीन. अंड्यांना यातलं काहीच माहीत नाही हे मला कळतं. पण कुणाला तरी विचारल्याशिवाय मला हे ठरवता येत नाही.

१३ डिसेंबर

पांढरी. पण टँकरच्या पाण्याला औषधाचा वास येत होता. अशा पाण्यात कुठलंच अंडं टिकणार नाही. हा कौल धरता येत नाही. पुन्हा बघू.

१४ जानेवारी १९७३, संक्रांत

दादासोच्या घरून हळदीकुंकवाचं बोलावणं होतं. येसू गेली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. साळूबाईनंही तिला जा म्हटलं नाही, स्वतः एकटीच जाऊन आली. मी येसूला जरा टाकून बोललो. सणासुदीला सवाष्णीनं घरात बसू नये, लोक भलता अर्थ काढतात. ती म्हणाली, "चुकलं आबा." मग पेटीची काच पुसत बसली.

मधे आणखी एक खेप वाया गेली. पाडवा जवळ येतो आहे.

२८ जानेवारी

सांगलीला जाऊन कृष्णेचं पाणी आणलं. दोन डबे भरून. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, रॉकेल न्हाई ना? वास घेतो." वास घेतला आणि म्हणाला, "निस्तं पानी? लोक देवाचं पानी आनत्यात, तुमी डब्यानं आनताय." दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा मी गाडीत सगळ्यांच्या पायांत डबे घेऊन बसलो होतो.

गाडीत बसण्याआधी तिथंच लालासाहेबाकडे गेलो होतो. माझा जुना विद्यार्थी, आता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. त्याच्याकडेही काचेच्या पेट्या आहेत. मी सगळं सविस्तर सांगितलं. थोरल्याचं कपाळ, त्याचा दरारा, सगळं. तो म्हणाला, "गुरुजी, कपाळावरून काही खरं नाही. अंगावरून मलासुद्धा ओळखता येत नाहीत. अंडी घालायच्या वेळी पोटाखाली एक नळी दिसते, तेवढीच खूण. नराची बारीक, टोकदार. मादीची जाड आणि बोथट. तुम्ही घालताना बघितलंय?"

मी म्हटलं, सूनबाईनं बघितलंय.

तो जरा घुटमळला. "कधी कधी नर नसला की दोन माद्याच जोडी करतात. दोघी मिळून अंडी घालतात आणि राखतात. बघणाऱ्याला वाटतं नवरा-बायको. पण ती अंडी पांढरीच पडणार."

मी सांगितलं, ते शक्य नाही. जालिंदरनं जोडी म्हणून आणली आहे. तो डबे उचलून स्टँडपर्यंत पोचवायला आला.

५ फेब्रुवारी

कृष्णेचं पाणी घातलं. मासे खुशीत आहेत. दोघांनी पाटी तोंडानं साफ करायला घेतली आहे. वाचनालयात जायचं बंद केलं. यावेळी स्वतः बघणार.

खरं सांगायचं तर बघायची भीती वाटते. पाठ फिरवून बसावं असं दिवसातून अनेकदा वाटलं.

११ फेब्रुवारी

आज लिहायलाच हवं.

जेवणं झाल्यावर सुरुवात झाली. मी चष्मा पुसून पेटीपाशी बसलो. धाकली पाटीला पोट घासत वर गेली आणि मागे अंड्यांची ओळ उमटली. तिच्या पोटाखालची नळी जाड, बोथट. ठीक. मग थोरला आला. त्याची नळी बघितली. तीही तशीच. मी मनाला म्हटलं, माझी नजर अधू झाली आहे. थोरल्यानं पाटीला पोट लावलं, हळूहळू वर सरकला, आणि त्याच्या मागेही अंड्यांची ओळ उमटली.

येसू मागे उभी होती. मी न वळता म्हटलं, "येसू, थोरला अंडी घालतोय."

"व्हय, आबा."

"तुला ठाऊक होतं?"

"पयल्यापास्नं."

"मग मला खोटं का सांगितलंस?"

साळूबाई सोप्यात वाती वळत होती, तिथूनच बोलली. "तिला बोल लावू नगा. मीच नगं म्हटलं तिला. तार आल्यापास्नं तुमी ताटावर बसून नुसता भाकरीचा तुकडा मोडत हुता. डाक्टर म्हनला, ह्यास्नी धक्का सोसायचा न्हाई. आंडी दिसली त्या दिवशी तुमी अर्धी भाकरी मागून घेतली. मग मी म्हटलं, आसू द्या थोरला नर."

मी म्हटलं, "पण जालिंदर म्हणाला होता जोडी आहे."

येसू जवळ आली. "त्यास्नी दुकानदारानं फसवलं, आबा. त्यास्नी तरी काय ठावं."

ही पोर जालिंदरचं नाव न घेता त्याच्याबद्दल जे बोलली, ते तो संपल्यासारखं बोलली. मला ते ऐकू आलं. मी विचारलं, "अजून काय काय ठाऊक आहे तुम्हाला दोघींना?"

वाती वळणारे हात थांबले. साळूबाई उठली आणि माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसली. पन्नास वर्षांची बाई, लेकीसारखी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून. "बिराप्पा आलता न्हवं, आखाडात. त्यानं डोळ्यानं बघितलं. नाल्यापाशी पडला त्यो. बिराप्पानं पाय धरून वढला, पर वरनं गोळ्या चालू हुत्या. सोडून यावं लागलं. बिराप्पा लय रडला. म्हनला, गुरुजींच्या म्होरं मी हुबा ऱ्हाऊ शकनार न्हाई."

जुलैपासून. पितरांचं ते पाचवं पान, गुळाची पोळी, देऊन टाकलेला चौकड्यांचा सदरा. त्या सगळ्या गोष्टी माझ्या डोळ्यांदेखत झाल्या आणि मी त्या स्वतःच्या हातानं या वहीत लिहून ठेवल्या आहेत. निरीक्षण म्हणे.

मी येसूकडे बघितलं. तिनं पदराचं टोक घेतलं आणि कपाळ पुसलं, सवयीनं पुसावं तसं. तेव्हा मला ते ओलं कुंकू कळलं. मी घराबाहेर पडलो की ती ते पुसत होती, आणि माझ्या चपला वाजल्या की पुन्हा लावत होती. बाईच्या जातीला हे दुःख जन्मात एकदा येतं. या पोरीनं माझ्या जिवासाठी ते रोज केलं.

मी फार रडलो. साळूबाई आणि येसू रडल्या नाहीत. त्यांचं रडून झालं होतं.

१२ फेब्रुवारी

सकाळी येसूला म्हटलं, "मी औंधाला जाऊन येतो. पाडव्याच्या आत."

ती म्हणाली, "मी हितंच ऱ्हाते, आबा. तुमाला आन् आत्तीला कोन हाय?"

साळूबाई म्हणाली, "आमी हाय की एकमेकाला. त्या पोरीला कोन हाय?" कोणती पोर हे कुणीच विचारलं नाही. येसू भाकरी थापत होती, तिचा हात थोडा वेळ परातीतच राहिला.

१८ मार्च

औंधाला यमाईच्या डोंगराखाली लग्न झालं. मोजकीच माणसं. आमच्या भावकीतलं कुणी आलं नाही. कन्यादानाला बसायची वेळ आली तेव्हा कृष्णातनं पाट माझ्याकडे सरकवला. मी बसलो. जोतिबा बोलायला कमी आहे, पण त्याच्या लेकीनं लग्न चालू असताना येसूचा पदर धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

गाडीत बसण्याआधी येसू पाया पडली. मला पुष्कळ बोलायचं होतं, आयुष्यभर वर्गात बोलत आलेला माणूस मी. तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. तीच म्हणाली, "आबा, पेटीतलं पानी एकदम बदलू नगा. अर्धंच बदला. आन् वेळेवर जेवा." मग गाडी साताऱ्याच्या रस्त्याला लागली.

घरी आल्यावर साळूबाईनं सवयीनं तीन ताटं घेतली. मग एक परत फडताळात ठेवलं.

२६ सप्टेंबर, सर्वपित्री

बऱ्याच महिन्यांनी वही उघडली. यंदा पाऊस बरा आहे. आडाला पाणी आहे.

पानं मीच वाढली. पाच. जालिंदरच्या पानावर गुळाची पोळी. कौलावर ठेवून आम्ही दोघं अंगणात उभे राहिलो. चार पानांवर कावळे येऊन गेले, पाचव्याला शिवेनात. बराच वेळ गेला. साळूबाई म्हणाली, "सांगा की त्याला."

"काय सांगू?"

"परवा कृष्णात काय सांगून गेला त्ये."

मी वर बघून म्हटलं, "जालिंदर, येसू बरी नांदतेय. तिला दिवस गेलेत. तिची काळजी करू नकोस." एक कावळा आला आणि पोळीचा तुकडा घेऊन गेला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते, असं मी वर्गात शिकवत आलो. आजही कुणी विचारलं तर तेच सांगीन. साळूबाईनं मात्र तिथूनच हात जोडले, आणि मीही जोडले.

आत आलो तर पाटीवर अंडी. आता थोरली आणि धाकली म्हणतो त्यांना. परवापर्यंत ती पांढरी होतील. पूर्वी मी लगेच पाटी काढून घासायचो, आणि त्या दोघी रिकाम्या जागेभोवती फिरत राहायच्या. आता काढत नाही. पांढरी झालेली अंडीसुद्धा त्या काही दिवस राखतात, वारा घालतात. मग आपणहून सोडून देतात. तोवर पाटी तशीच राहू देतो.